जपानी आणि कोरियन एकाच कीबोर्डवर: तोक्योतल्या एका खरेदीचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीचं आहे. ती तोक्योत निशी-कासाईला राहते आणि मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत गेममधला मजकूर तपासते. जपानी तिनं पुण्यात शिकायला घेतली आणि तिकडे राहून पक्की केली. गेल्या वर्षी सोलच्या टीमचं कामही तिच्याकडे आलं. कोरियन तोवर नुसती वाचून भागत होती, ती आता लिहावीही लागू लागली. घरच्यांशी मराठी ती इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीतून लिहिते, ऑफिसात इंग्रजी आहेच. चार भाषा, आणि टाइप करायला कंपनीनं दिलेला एक जपानी लॅपटॉप.

लॅपटॉपवर वाकून मनगट दुखायला लागलं तेव्हा तिनं बाहेरून जोडायचा कीबोर्ड घ्यायचं ठरवलं आणि मला तीन फोटो पाठवले. पहिला अकिहाबारातल्या योदोबाशी कॅमेरात पाहिलेला साधा जपानी कीबोर्ड, कळांवर हिरागाना, म्हणजे जपानी उच्चारलिपीतली अक्षरं, छापलेला. दुसरा हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, छापलेला, सोलहून येणारा सहकारी आणून द्यायला तयार होता. तिसरा मधोमध दोन भागांत विभागलेला, दिसायला झकास. खाली प्रश्न: "दादा, यातला कुठला घेऊ? जपानी पण नीट व्हायला हवी आणि कोरियन पण."

माझं रोजचं काम भारतीय भाषांच्या टायपिंगचं, त्यामुळे हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे येतच असतो. मी तिला म्हटलं, कळांवर काय छापलंय ते तूर्त विसर. दिवसभरात स्पेसबारच्या आजूबाजूला तुझे अंगठे काय काय करतात आणि कोणतं चिन्ह शोधताना तू अडतेस, तेवढं काही दिवस टिपून ठेव. पुढचा सगळा निर्णय त्या टिपणावर झाला.

जपानी: अक्षरं कुठलीही चालतात

जपानी टाइप करणारे बहुसंख्य लोक रोमन अक्षरांतूनच टाइप करतात. 'निहोंगो' लिहायचं तर एन-आय-एच-ओ-एन-जी-ओ. पडद्यावर आधी हिरागाना उमटतो, स्पेस दाबला की त्याची कांजी (चिनी मुळाची अक्षरं) होते. हवी ती कांजी आली नाही तर पुन्हा स्पेस, आली की एंटर. आपल्याकडे रोमनमधून मराठी टाइप करतात त्यातलाच प्रकार, फक्त वर रूपांतराचा एक मजला जास्त. तोशिबानं १९७८ साली जेडब्ल्यू-१० हा पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला. मेजाएवढं ते यंत्र, किंमत ६३ लाख येन. काना (हिरागाना आणि काताकाना या उच्चारलिपी) टाइप करून त्याची कांजी करायची ही त्यातली कल्पना आजही तशीच चालू आहे. यंत्र तेवढं खिशात आलं.

म्हणून जपानीसाठी कीबोर्ड निवडताना अक्षरांच्या कळांना फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते स्पेस, एंटर, बाणाच्या कळा आणि जपानी-इंग्रजी बदलणाऱ्या कळेला. बाणाच्या कळा लोक विसरतात. लांब वाक्य एका दमात टाइप करून स्पेस दाबला की आयएमई, म्हणजे टाइप केलेल्याचं रूपांतर करणारा प्रोग्राम, त्याचे तुकडे पाडतो. तुकडे चुकीच्या जागी पडले तर डाव्या-उजव्या बाणानं एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायचं आणि शिफ्टबरोबर बाण दाबून तुकडा लहान-मोठा करायचा. हे दिवसभर चालतं. वरच्या ओळीतली एफ-७ शब्द सरळ काताकानात नेते, एफ-१० रोमनमध्ये परत आणते. एफ-७ऐवजी कंट्रोल-आय चालतं, पण हाताला एफ-७ची सवय झालेली असेल तर ती सुटत नाही.

या हिशेबात एक मोठं नाव पहिल्याच फेरीत गळालं. हॅपी हॅकिंग कीबोर्ड म्हणजे जपानी प्रोग्रामरांचं दैवत. वादा एइइची या संगणकशास्त्रज्ञाच्या कल्पनेतून आलेला, पीएफयू कंपनीनं १९९६ साली बाजारात आणलेला. त्याच्या इंग्रजी आवृत्तीत ६० कळा आहेत. बाणाच्या वेगळ्या कळा नाहीत आणि एफ-ओळही नाही, दोन्ही एफएन दाबून मिळतात. कोड लिहिणाऱ्याला ते रुचतं. दिवसभर वाक्यांचे तुकडे सरकवणाऱ्या माणसानं त्यासाठी तीस हजार येनच्या वर घालावेत असं मला वाटत नाही. ६९ कळांच्या जपानी आवृत्तीत बाण आहेत, पण ती दुसऱ्या एका कारणानं बाद झाली. ते पुढे येईलच.

आता खास जपानी मांडणी, जिला तिकडे जेआयएस म्हणतात. पूर्ण आकाराच्या अशा कीबोर्डवर १०९ कळा असतात, अमेरिकन पूर्ण कीबोर्डवर १०४. वाढीव कळांतल्या तीन स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना: डावीकडे मुहेंकान (रूपांतर नको), उजवीकडे हेंकान (रूपांतर) आणि काताकाना-हिरागाना. त्यांना जागा हवी म्हणून स्पेसबार आखूड केलेला. डाव्या कोपऱ्यात एकच्या शेजारी हांकाकु-झेंकाकु, जपानी चालू-बंद करणारी कळ. उरलेल्या दोन, येनचं चिन्ह आणि 'रो' हे काना अक्षर, उजव्या बाजूला घुसवलेल्या. येनमुळे बॅकस्पेस लहान होतो आणि रोमुळे उजवी शिफ्ट.

अंगठ्याखाली दोन-तीन कळा जास्त मिळणं ही खरोखर चैन आहे. मॅकच्या जपानी कीबोर्डवर तर स्पेसबारच्या डावीकडे 'एइसू' आणि उजवीकडे 'काना' अशा दोन स्वतंत्र कळा असतात. डावी दाबली की हमखास इंग्रजी, उजवी दाबली की हमखास जपानी, आत्ता कोणती अवस्था आहे हे आठवावं लागत नाही. केवळ जपानी आणि इंग्रजी लिहिणाऱ्यानं जेआयएसच घ्यावा. एक कळ एक काना अशा पद्धतीनं टाइप करणाऱ्यांनाही दुसरा पर्याय नाही, कारण अमेरिकन कीबोर्डवर त्यांना लागणाऱ्या कळाच कमी पडतात.

बहीण रोमाजीवाली, म्हणजे रोमन अक्षरांतून टाइप करणारी. आणि तिची दुसरी भाषा कोरियन.

कोरियन: अक्षरं पाठ हवीत, बाकी काही नको

कोरियनचं सगळं उलटं. इथे रूपांतराचा मजला नाही. दक्षिण कोरियात सर्वत्र चालते ती दुबोलसिक मांडणी, म्हणजे अक्षरांचे दोन संच, १९८२ साली प्रमाण ठरलेली. व्यंजनं डाव्या हाताला, स्वर उजव्या हाताला. 'अन्न्योंग हासेयो' लिहायला बारा कळा लागतात आणि त्यातून पाच चौकोनी अक्षरं बनतात. स्पेस दाबून काही निवडायचं नाही, एंटर दाबून काही कबूल करायचं नाही. अक्षरं आपली आपण जुळत जातात. ग, आ, न या तीन कळा दाबल्या की 'गान' असा एक चौकोन होतो. पुढे आ दाबला की न तिथून उडी मारून पुढच्या चौकोनात जातो आणि 'गाना' होतं. या उडीला कोरियन लोक दोक्केबीबुल, भुताचा उजेड, म्हणतात. नवशिक्या माणसाला पडद्याकडे बघताना ती उडी दचकवते. तिनंही पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, "माझं अक्षर खाल्लं कोणी?"

ही उडी टाळणारी मांडणीही आहे. गोंग ब्योंग-ऊ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९४९ साली तीन संचांचा टाइपरायटर बनवला. आरंभीचं व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन, तिघांच्या कळा वेगळ्या. त्या वंशातल्या सेबोलसिक मांडण्यांचे भक्त आजही आहेत आणि ते दुबोलसिकवाल्यांकडे जरा दयेनं बघतात. मांडणी म्हणून ती सरस आहे हे मला मान्य आहे. पण सोलच्या ऑफिसातला प्रत्येक संगणक दुबोलसिकवर चालतो आणि बहिणीला महिनाभरात चॅटवर उत्तरं द्यायची होती, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

इनस्क्रिप्ट येणाऱ्या मराठी माणसाला इथे एक वेगळाच त्रास होतो. आपल्या इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. कोरियनमध्ये नेमकं उलट. के या कळेवर इनस्क्रिप्टमध्ये क आहे, कोरियनमध्ये आ. आईला मराठीत निरोप लिहून लगेच सोलच्या चॅटमध्ये शिरलं की पहिल्या दोन ओळींत उजवा हात व्यंजनं शोधत बसतो. तरीही दोन हातांत दोन जातीची अक्षरं वाटून देण्याची कल्पना इनस्क्रिप्टवाल्याला आधीच ठाऊक असते, आणि ऑफिसातल्या जपानी मैत्रिणीपेक्षा हिची बोटं लवकर बसली. तिथे मराठी कामाला आली.

कोरियनच्या कळांत कीबोर्डाच्या शरीराशी भिडणारी एक गोष्ट आहे आणि दुकानात ती कोणी सांगत नाही. दुहेरी व्यंजनं शिफ्टनं येतात आणि ती पाचही वरच्या ओळीत डावीकडे आहेत, क्यू ते टी. डावा हात अक्षर दाबणार, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीनं दाबायची. त्यातलं दुहेरी स हे टीवर असतं आणि भूतकाळाच्या जवळजवळ प्रत्येक क्रियापदात ते येतं. 'केलं', 'पाठवलं', 'तपासलं' असले शब्द लिहिताना दर वाक्याला उजवी शिफ्ट. आणि जेआयएस कीबोर्डवर नेमकी हीच शिफ्ट रो कळेपायी आखडलेली. बहिणीच्या टिपणात सगळ्यात जास्त वेळा आलेली चूक हीच होती: करंगळी शिफ्टऐवजी रोवर. कोरियन चालू असताना रो कळ काहीच करत नाही, म्हणून दुहेरी सच्या जागी साधं स पडायचं आणि शब्द हळूच चुकीचा व्हायचा. शुद्धलेखन तपासणं हेच जिचं काम, तिच्या हातून.

विभागलेला सुंदर कीबोर्डही इथेच मागे पडला. कोरियनमधला 'यू' हा स्वर बी या कळेवर आहे, आणि विभागलेल्या कीबोर्डवर बी बहुतेकदा डाव्या तुकड्यात जाते. बाकीचे सगळे स्वर उजवीकडे, हा एकटा पलीकडे. काही कोरियन लोक अशा कीबोर्डवर बी दोन्हीकडे बसवून घेतात. अकिहाबाराच्या बाजूला युशाकोबो नावाचं स्वतः कीबोर्ड जोडणाऱ्यांचं दुकान आहे, तिथे असली हौस पुरवता येते. तिला हौस नव्हती, तिला सोमवारपासून काम करायचं होतं.

लॅपटॉपला काय वाटतं

इथवर सगळं बोटांचं झालं. खरी गुंतागुंत विंडोजमध्ये आहे आणि निर्णय तिथेच फिरला.

आपल्यापुढे कोणता कीबोर्ड जोडलाय हे विंडोजला आपोआप कळत नाही. कळ दाबली की एक क्रमांक जातो. त्या क्रमांकाचं कोणतं चिन्ह करायचं हे निवडलेल्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं. जपानी भाषेला 'हार्डवेअर कीबोर्ड' म्हणून दोन पर्याय आहेत: जपानी १०६/१०९ कळी किंवा इंग्रजी १०१/१०२ कळी. तोक्योत घेतलेल्या लॅपटॉपवर पहिला निवडलेला असतो. कोरियनला पर्याय जास्त आहेत, १०१ कळीचे तीन प्रकार आणि एक १०३/१०६ कळी, पण त्यांच्यातला फरक हांगुल-इंग्रजी बदलणारी कळ कोणती एवढाच. विरामचिन्हांच्या जागा सगळ्यांत अमेरिकनच. कोरियनसाठी 'जेआयएस चिन्हं' असा पर्याय कुठेच नाही.

परिणाम असा. त्याच कीबोर्डवर जपानी चालू असताना शिफ्ट-दोन दाबलं की दुहेरी अवतरणचिन्ह येतं, कोरियन चालू असताना ॲट. जपानीत कंस शिफ्ट-आठला उघडतो आणि शिफ्ट-नऊला मिटतो. कोरियनमध्ये उघडतो नऊला, मिटतो शून्याला. अधोरेषा जपानीत रो कळेवर, कोरियनमध्ये हायफनच्या कळेवर. कथा लिहिणाऱ्याचं यानं काही बिघडणार नाही. पण गेमच्या मजकुरात खेळाडूचं नाव, नाण्यांची संख्या वगैरे भरायच्या जागा महिरपी कंस आणि टक्केचिन्हांनी दाखवलेल्या असतात. एक कंस हलला की गेममध्ये नावाऐवजी कचरा दिसतो. म्हणजे तिच्या कामात अक्षरांपेक्षा चिन्हं जास्त महाग होती.

आता तिन्ही फोटोंकडे परत बघितलं तर चित्र बदलतं. जेआयएस कीबोर्ड घेतला तर छापलेली चिन्हं जपानीत खरी, कोरियनमध्ये खोटी. सोलचा कीबोर्ड घेतला तर कोरियनमध्ये खरी, जपानीत खोटी. तसं पाहिलं तर सोलमधला यांत्रिक कीबोर्ड बहुतेकदा अमेरिकन मांडणीचाच असतो. वर हांगुल छापलेलं, उजव्या ऑल्टवर 'हान-योंग' (हांगुल-इंग्रजी बदल) आणि उजव्या कंट्रोलवर 'हान्जा' (चिनी अक्षरं) लिहिलेलं, एवढाच काय तो फरक. लिओपोल्डसारख्या कोरियन कंपनीचे कीबोर्ड दर्जाला उत्तम आहेत. पण त्या छपाईसाठी सहकाऱ्याच्या सामानात किलोभर वजन घालण्याचं कारण मला दिसेना. हांगुल छापलेलं असेल तर शिकणारा खाली बघत राहतो. पडद्याच्या कडेला मांडणीचा तक्ता चिकटवला तर निदान मान वर राहते.

मग हिशेब सोपा झाला. कोरियन, इंग्रजी दोन्ही अमेरिकन चिन्हांवर अडून बसलेल्या. बदलायला तयार एकटी जपानी, कारण तिच्याच सेटिंगमध्ये १०१/१०२ कळीचा पर्याय आहे. म्हणून जपानीला अमेरिकन करायचं आणि कीबोर्ड अमेरिकन घ्यायचा. हॅपी हॅकिंगची जपानी आवृत्ती बाद झाली ती याच कारणानं. तिला हे ऐकून चमत्कारिक वाटलं. "जपानात राहून जपानी लिहायला अमेरिकन कीबोर्ड?" तोक्योतले पुष्कळ प्रोग्रामर नेमकं तेच करतात, कोडमधली चिन्हं हाताला सोयीची पडतात म्हणून.

यात गमावलं काय? अंगठ्याखालच्या कळा. अमेरिकन स्पेसबार लांब असतो, त्याच्या कडेला डावा-उजवा ऑल्ट सोडला तर काही नाही. ही एक गोष्ट मला शेवटपर्यंत टोचत राहिली आणि पुढची सगळी जुळवाजुळव ती भरून काढण्यासाठी केली.

काय घेतलं आणि कसं बसवलं

८७ कळांचा, अंकांचा वेगळा गठ्ठा नसलेला अमेरिकन कीबोर्ड. बाण आहेत, एफ-ओळ आहे, उजवी शिफ्ट लांब आहे. एकच अट मी आग्रहानं घातली: कळा हव्या तशा बदलता याव्यात आणि तो बदल कीबोर्डाच्याच आत राहावा, म्हणजे कंपनीच्या लॅपटॉपवर वेगळा प्रोग्राम टाकायला नको. क्यूएमके नावाच्या खुल्या प्रणालीवर चालणारे कीबोर्ड हे करतात. कळांखालचे स्विच तिनं आवाज न करणारे घेतले. निशी-कासाईच्या इमारतींच्या भिंतींबद्दल ती जे म्हणाली ते इथे देत नाही.

सगळ्यात आधी मात्र सेटिंग. विंडोजमध्ये या भाषा बदलताना दोन वेगळे मजले असतात, आणि लोक इथेच गोंधळतात. एक मजला भाषेचा: जपानी, कोरियन, मराठी. दुसरा त्या भाषेच्या आत: जपानी की रोमन, हांगुल की रोमन. दोन्ही भाषांच्या आत रोमन असतंच, म्हणून पहिली गोष्ट ही केली की इंग्रजीचा स्वतंत्र कीबोर्ड यादीतून काढून टाकला. एक थांबा कमी झाला.

आतला मजला दोन्ही भाषांत एकाच कळेनं बदलावा अशी माझी इच्छा होती, आणि ते जमतं. कोरियनच्या १०१ कळीच्या तिसऱ्या प्रकारात हांगुल-इंग्रजी बदल शिफ्ट-स्पेसनं होतो. पहिल्या प्रकारात तो उजव्या ऑल्टनं होतो, दुसऱ्यात उजव्या कंट्रोलनं. इकडे मायक्रोसॉफ्टच्या जपानी आयएमईच्या सेटिंगमध्ये शिफ्ट-स्पेसला काय काम द्यायचं ते निवडता येतं, त्याला आयएमई चालू-बंद करण्याचं काम दिलं. आता भाषा कोणतीही असो, शिफ्ट-स्पेस दाबला की रोमन आणि पुन्हा दाबला की परत. हे करायला नवा कीबोर्डही लागत नाही. ज्यांना खर्च करायचा नाही त्यांनी इथेच थांबलं तरी निम्मा त्रास जातो.

नव्या कीबोर्डवर उजवी ऑल्ट बदलून ती एकटी दाबली की शिफ्ट-स्पेस जाईल असं केलं. गेलेली अंगठ्याची कळ अशी परत मिळाली. शिफ्ट-स्पेसचं एक जुनं काम यात जातं. जपानीत स्पेस अक्षराएवढा रुंद पडतो, त्याऐवजी अरुंद स्पेस हवा असेल तर लोक शिफ्ट-स्पेस वापरतात. तिच्या फायलींत रुंद स्पेस चालतच नाही, म्हणून आयएमईत स्पेस कायमचा अरुंद करून टाकला.

वरचा मजला, म्हणजे भाषा बदलणं. विंडोज आणि स्पेस दाबलं की भाषा एकामागून एक येतात. तीन भाषा असल्या की एखादी हटकून पुढे निघून जाते. त्याऐवजी प्रत्येक भाषेला कंट्रोल-शिफ्ट आणि एक अंक असा थेट रस्ता देता येतो. ते दिलं आणि कीबोर्डात कॅप्स लॉकला बदल-कळ केली: कॅप्स धरून जे दाबलं की जपानी, के की कोरियन, एम की मराठी. कॅप्स लॉकच्या मूळ कामाची आठवण अजून तरी कोणाला आलेली नाही. प्रत्येक खिडकीला तिची भाषा लक्षात ठेवू देणारा पर्यायही चालू केला, त्यामुळे सोलचं चॅट कोरियनमध्येच उघडतं आणि गेमच्या मजकुराचा तक्ता जपानीत.

एक इच्छा अपुरी राहिली. कोरियनमध्ये शिरल्यावर बहुतेकदा आधी रोमन अवस्था असते. मग कॅप्स-के दाबल्यावर पाठोपाठ शिफ्ट-स्पेसही आपोआप का पाठवू नये, असं तिनं विचारलं. कारण शिफ्ट-स्पेस हा उलटसुलट करणारा आदेश आहे. खिडकीला आधीची हांगुल अवस्था आठवत असेल तर तोच आदेश तिला रोमनमध्ये ढकलेल. कीबोर्डाला पडदा दिसत नाही. म्हणून हे काम अंगठ्याकडेच ठेवलं.

हार्डवेअर कीबोर्ड बदलायला प्रशासकाचे अधिकार लागतात आणि मशीन पुन्हा सुरू करावं लागतं. कंपनीचा लॅपटॉप, म्हणजे आयटी विभागाला अर्ज. त्यात तिनं 'मला अमेरिकन कीबोर्ड आवडतो' असं न लिहिता कोरियनमध्ये कंसांच्या जागा कशा सरकतात ते दोन स्क्रीनशॉट लावून दाखवलं. मंजुरी लगेच आली. असे अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट मशीन बंद करण्याआधी करावी: आपल्या पासवर्डमधलं चिन्ह नव्या मांडणीत कुठे जाईल ते बघून ठेवावं. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, आणि पीच्या शेजारचं ॲट बोटानं सवयीनं दाबलं तर तिथे चौकोनी कंस जातो. तिनं अर्जाच्या दिवशीच पासवर्ड बदलून त्यात दोन्ही मांडण्यांत एकाच जागी असणारं उद्गारचिन्ह घातलं.

घरचा मॅक हे प्रकरण छोटं आहे. मॅक नव्या कीबोर्डाला त्याची मांडणी विचारून घेतो आणि ती त्या कीबोर्डापुरतीच लक्षात ठेवतो, त्यामुळे चिन्हांची वरची सगळी कटकट तिथे नाही. भाषा बदलायची कळ तेवढी वेगळी, ती कीबोर्डाच्या दुसऱ्या थरात, म्हणजे मॅकसाठी वेगळ्या ठेवलेल्या मांडणीत, बसवली.

नंतर

उजव्या करंगळीची चूक पहिल्या काही दिवसांतच थांबली, कारण चुकायला रो कळच उरली नाही. कंस जागेवर आले. हान्जाची कळ तिला लागत नाही. ती कोरियन लोकांनाही मुख्यतः मिउम हे व्यंजन टाइप करून वर हान्जा दाबली की उघडणाऱ्या चांदण्या आणि बाणांच्या यादीसाठी लागते. सोलमधून कोणी तशी चांदणी पाठवली की ती कॉपी करते आणि चिकटवते. मनगटाचं दुखणं कमी झालं ते कीबोर्डामुळे की लॅपटॉप उंच ठेवायला लागल्यामुळे, हे आम्ही दोघं ठरवू शकलेलो नाही.

किंमत मोजली ती लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डनं. आता तो जपानीतही अमेरिकन चिन्हं देतो, छापलेलं काहीही असो. येन आणि रो दोन्ही कळा मुक्या झाल्या. हांकाकु-झेंकाकु नुसती दाबली तर जपानी चालू-बंद होत नाही, ऑल्टबरोबर दाबावी लागते. मीटिंगला ती लॅपटॉप एकटाच उचलून नेते, तिथे हे आठवावं लागतं. दुसऱ्या कोणी तिच्या मशीनवर दोन ओळी टाइप करायला घेतल्या तर ॲट शोधताना तो माणूस हमखास तिच्याकडे वळून बघतो. प्रत्येक कीबोर्डाला वेगळी मांडणी देण्याचा रस्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे आतल्या सेटिंगच्या साठ्यात, आहे, पण आयटी विभागाला तिथे हात लावायला सांगावं इतका हा त्रास मोठा नाही, असं तिचं मत पडलं आणि मलाही ते पटलं.

जपानात काही कंपन्यांचे लॅपटॉप मागवताना इंग्रजी मांडणीचा कीबोर्ड निवडता येतो. तिचा सध्याचा लॅपटॉप भाडेकराराचा आहे. करार संपला की नव्या मशीनचा अर्ज भरायचा असतो, त्यात तो पर्याय असतो का हे तिनं आयटी विभागाला विचारून ठेवलं आहे.